बी शिफ्टचा पहारेकरी

आमच्या अनुराधाच्या मागे एक माणूस लागला होता. तिच्या रक्षणासाठी आमच्या मंडळाने ड्युटीवर ठेवला तो नेमका तोच माणूस. वर त्याला शिट्टी दिली, टॉर्च दिला, आणि माझ्याच घरी बसवून आल्याचा चहा पाजला. आमच्या टाउनशिपमध्ये इंजिनियर ढिगाने, पण अक्कल कायम आउट ऑफ स्टॉक. हे मी आमच्या ह्यांच्या तोंडावर सांगते, तर तुम्हाला सांगायला कसली चोरी?

अनुराधा म्हणजे माझी धाकटी नणंद. अमरावतीहून आमच्याकडे भोपाळला आली आणि टाउनशिपच्या शाळेत लहान मुलांच्या वर्गावर लागली. दुपारची शाळा. सुटली की ही चालत घरी यायची, आणि चालणं म्हणजे कसं, तर रमतगमत. कोपऱ्यावरच्या ठेल्यावरून जाम घ्यायचे, म्हणजे पेरू हो, आम्ही इकडचे लोक जामच म्हणतो. त्याला तिखटमीठ लावून घ्यायचं आणि खातखात, गुणगुणत यायचं. गुणगुणणं तरी काय, सतरंज्या वाळत घातल्यासारखा लांबलचक आवाज. ती पाण्याच्या टाकीपाशी आली की मला स्वयंपाकघरात कळायचं आणि मी चहाचं आधण ठेवायची.

त्या वर्षी दिवाळीनंतर ते गुणगुणणं बंद झालं. आधी वाटलं, घसा बसला असेल. मग पाहिलं तर ही शाळेतून येते ती धापा टाकत, आल्याआल्या कडी लावते, पडदा बाजूला करून बाहेर बघते. जेवायला बसताना पाठ भिंतीला टेकवून बसते. मागून हाक मारली तर हातातलं भांडं पडतं. माझा स्टीलचा डबा चेपला तिने, माहेरचा! आणि एक दिवस ह्यांना म्हणाली, "दादा, माळ्यावरची माझी ट्रंक काढून दे. संक्रांतीनंतर मी नोकरी सोडते. अमरावतीला जाते."

"कशाला? हेडमास्तर काही बोलले का?" ह्यांनी विचारलं.

"नाही. मला आता तिकडेच बरं वाटेल."

ट्रंक निघाली आणि पलंगाखाली येऊन बसली. मला रोज केर काढताना ती लागायची. ह्या पोरीने माझं घर भरलं होतं हो. ती निघून जाणार म्हणजे पुन्हा मी आणि आमचे हे, फोरमन भालचंद्र बोकारे, समोरासमोर बसून भेंडीची भाजी खाणार.

शेवटी एका सकाळी मी तिला धरून बसवलं. "खरं सांग."

"वहिनी, कोणीतरी मागे येतं. सायकलवर. मी थांबले की तो थांबतो. मी रस्ता बदलला की तोही बदलतो."

"काही बोलतो? काही केलं?"

"काही नाही. तेच तर! काही केलं असतं तर सांगितलं नसतं का मी? कोणाला सांगू, की माझ्या मागे एक माणूस येतो आणि काहीच करत नाही? गेल्या रविवारी लोकर आणायला बसने हबीबगंजकडे गेले, तर तिथे दुकानासमोर उभा होता. तोंड कधी दिसत नाही. माकडटोपी आणि मफलर."

आता डिसेंबरात भोपाळमध्ये माकडटोपी आणि मफलर म्हणजे निम्मी जनता. आमचे हेसुद्धा तसेच फिरतात, बाथरूममधूनही तसेच बाहेर येतात. पण मी तिचा हात धरला तर तो गार पडला होता, आणि मला इतका संताप आला की समोरची डाळीची पळी मी भिंतीवर फेकली. डाग अजून आहे.

हे कारखान्यातून आले तेव्हा त्यांना सगळं सांगितलं. ऐकता ऐकता ते गजक, म्हणजे इकडची तीळगुळाची वडी, खात होते. तेही सांगायला हवं. महिनाभर आमच्या कंपाउंडच्या भिंतीवर अधूनमधून गजकचा पुडा ठेवलेला असायचा, वर्तमानपत्रात बांधलेला, गुलाबी दोरा. शेजारचे शर्माजी मुरैनाचे, आणि गजक नावाजलेलं तेही मुरैनाचंच. ह्यांनी ठरवून टाकलं की शर्माजीच प्रेमाने ठेवतात. एकदा कुंपणावरून "शर्माजी, गजक बहुत बढिया" असं म्हणालेही, आणि ते शर्माजी, शहाणे कुठले, "अरे भाईसाहब, घर की बात है" म्हणून आभार घेऊन मोकळे झाले!

"माझ्या बहिणीच्या मागे?" ह्यांनी पुडा बाजूला ठेवला. डोळ्यांत पाणी होतं, ते खरं. पण माणूस फोरमन आहे. पाणी पुसल्यावर पहिलं वाक्य काय, तर "शिफ्ट लावावी लागेल."

मी म्हटलं, "पोलिसात जाऊ या." तर म्हणे, "पोलीस विचारणार, छेडा क्या? काय सांगणार? आपली माणसं आहेत ना!" आणि निघाले महाराष्ट्र मंडळात. आमचं मंडळ म्हणजे गणपतीचे दिवस सोडले तर पत्ते कुटण्याचं ठिकाण. त्या मंडळाला फार वर्षांनी खरं काम मिळालं आणि मंडळ चेकाळलं.

घरून शाळेत पोचवणं ही ए शिफ्ट. शाळेतून घरी आणणं ही बी शिफ्ट. रविवार, बाजार, शिंपी, दातांचा डॉक्टर ही सगळी जनरल शिफ्ट. पहारेकऱ्याने तिच्यापासून अंतर ठेवून मागे चालायचं. आणि कारखान्यातला नियम इथेही लागू: रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, येईपर्यंत पॉइंट सोडायचा नाही. अनुराधाला ह्यांनी बजावलं, "आता मागे वळून बघायचं नाही. मागे आपलाच माणूस आहे. तू निर्धास्त चाल."

मंडळाचे अध्यक्ष वसंतराव मुंजे रिटायर झालेले, त्यांनी शिट्टी आणली. संशय आला की शिट्टी. त्यांना संशय फार. दूधवाल्यावर शिट्टी, पोस्टमनवर शिट्टी, अनुराधाच्या हेडमास्तरांवर तर दोनदा. कुसुमताई घाटे विणकाम करत मागे चालायच्या, त्यांचा लोकरीचा गुंडा सुटून अनुराधाच्या पुढे गेला आणि ती बिचारी त्यात अडकून पडली. दातांच्या डॉक्टरकडे वसंतराव थेट खुर्चीपाशी उभे. डॉक्टर म्हणाले, बाहेर बसा. तर म्हणाले, "रिलीव्हर नाही आला." डॉक्टरांनी त्यांच्याही दाताला टोचून पाहिलं आणि एक काढला.

"बरं वाटतंय का गं?" मी अनुराधाला विचारलं.

"हो," ती म्हणाली. पण ती ते माझ्याकडे न बघता म्हणाली, आणि ट्रंक पलंगाखालीच होती.

बी शिफ्टला माणसं कमी पडत होती, कारण तेव्हा सगळ्यांच्या चहाची वेळ. अशात एक दिवस मंडळात श्रीकांत पुराणिक उभा राहिला. बॅचलर होस्टेलमध्ये राहणारा, स्टोअरमधला क्लार्क, मूळचा उज्जैनचा. भांग पाडलेला, सदऱ्याची वरची गुंडीसुद्धा लावलेली. म्हणाला, "बोकारेसाहेब, मला बी शिफ्ट चालेल. रोज चालेल. रविवारीही चालेल."

हे घरी आले ते नाचतच. "मंगला, असे तरुण पाहिजेत! ओव्हरटाइम मागत नाही, काही नाही."

मीही म्हटलं, चांगलं आहे पोरगं. घरी बोलावलं, चहा दिला, साबुदाण्याचे वडे दिले. अनुराधा तेव्हा मुलांच्या स्नेहसंमेलनाच्या तालमीला होती. त्याने कपबशी स्वतः विसळून ठेवली हो! आमच्या घरात पुरुषाने विसळलेली ती पहिली बशी. मी खूश. भिंतीवर अनुराधाचा बी.ए.चा फोटो होता, त्याच्याकडे बघत बसला होता जरा जास्तच, पण मला वाटलं, कोणाचं रक्षण करायचं ते नीट बघून ठेवतोय.

आठवडाभर त्याने पायीच ड्युटी केली. मग एका संध्याकाळी अनुराधा आली ती भिंतीला धरून. ओठ पांढरे.

"वहिनी, तो परत आलाय."

"बघितलास?"

"बघायचं नाही म्हणून सांगितलंय ना तुम्ही! पण सायकल तीच आहे. चेनकव्हर खडखडतं तिचं. चार वेळा खड, मग एकदा खट्ट. मला झोपेतही ऐकू येतं ते."

हे लगेच म्हणाले, "शक्य नाही. आज पुराणिकची ड्युटी होती. त्याला विचारतो." आणि खरंच विचारून आले. "पुराणिक म्हणतो, त्याला रस्त्यात कोणीही संशयास्पद दिसलं नाही. मुलगा अगदी बारकाईने बघतो."

अनुराधा उठली. आत गेली आणि ट्रंक उघडून साड्या भरायला लागली. मी दारात उभी राहून बघत होते. तिने अगदी जुना, विटका पंजाबी ड्रेस घातला होता, रोज तोच घालायची. आपण दिसू नये असं वाटायचं तिला. मला रडू फुटलं, आणि रडू फुटलं की मला राग येतो, म्हणून मी ह्यांच्यावर ओरडले. तेवढं बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. अनुराधा आतल्या खोलीत. पुराणिक आला, "जनरल शिफ्ट आहे का विचारायला आलो." हे म्हणाले, बस रे, चहा घे. तो बसला आणि पिशवीतून एक पुडा काढून टेबलावर ठेवला. ह्यांनी तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले, आणि आनंदाने म्हणाले, "अरे! हे तर तेच! तीळ कमी, गूळ जास्त, मध्ये जरा जळका वास. म्हणजे भिंतीवर तूच ठेवत होतास होय? आणि मी उगाच त्या शर्माजींना…"

इथे ह्यांचं तोंड थांबलं. मी वर्तमानपत्राकडे पाहिलं. गुलाबी दोरा होता. गजक चिकट असतं, ह्यांना ना गिळता येईना ना बोलता येईना. हात नुसता हवेत. त्या एका दिवसापुरती तरी देवाने त्यांची चव आणि अक्कल एकत्र काम करू दिली.

आतल्या खोलीचं दार उघडलं. अनुराधाने खिडकीतून फाटकाला टेकवलेली सायकल बघितली होती.

"तुम्ही?" ती म्हणाली.

पुराणिक उठून उभा राहिला, लग्नात मुलगी आली की उभे राहतात तसा. "मी तुम्हाला कधी त्रास दिला का? एक शब्द तरी बोललो? उलट लक्ष ठेवलं. गणपतीत प्रसाद वाढताना तुम्ही मला विचारलंत, अजून हवा का? दोनदा विचारलंत. तेव्हापासून…"

"मी सगळ्यांना विचारत होते!"

"पण तुम्ही कधी नाही म्हणाला नाहीत."

"तुम्ही कधी काही विचारलंत?" अनुराधाचा आवाज चिरकला. "मी दोन महिने धड झोपले नाही. मी गाणं सोडलं. मी आंघोळ करताना खिडकीला पाट लावून ठेवते. आणि म्हणे त्रास दिला का! आता ऐका. नाही. मला तुम्ही नको, तुमचं लक्ष नको, तुमचं गजक नको. नाही म्हणजे नाही."

तो गोंधळून ह्यांच्याकडे वळला आणि अगदी मनापासून विचारलं, "मग साहेब, उद्याची बी शिफ्ट?"

मी पायातली चप्पल काढली होती. पण त्याचा चेहरा पाहिला आणि मला एकदम भीती वाटली. ह्या माणसाला खरंच कळत नव्हतं. चप्पल खाऊन कळलं असतं असंही नव्हतं. हे तोवर गजक गिळून मोकळे झाले होते. त्यांनी त्याच्याकडून शिट्टी आणि टॉर्च काढून घेतला आणि दार दाखवलं.

संध्याकाळी मंडळाची बैठक आमच्याकडेच भरली. वसंतराव म्हणाले, मुंडण करून धिंड काढू. वर म्हणाले, "मलाही तिने अजून हवा का विचारलं होतं, मी गेलो का मागे?" कुसुमताई म्हणाल्या, "एकटा जीव आहे, लग्न लावून द्या, डोकं ठिकाणावर येईल." आणि विणता विणता हळूच, "तसा मुलगा निर्व्यसनी आहे. आपल्या अनुराधेलाच…"

मग मी जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही. कुसुमताई संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आल्या नाहीत, आणि माझं काही अडलं नाही.

सोमवारी अनुराधा स्वतः पोलीस ठाण्यात गेली. मी बरोबर होते, पण तक्रार तिने सांगितली, न अडखळता. कारखान्याच्या साहेबांनी पुराणिकला गोविंदपुऱ्याकडच्या स्टोअरमध्ये टाकलं, टाउनशिपच्या फाटकात यायची बंदी केली, आणि अट घातली की नोकरी हवी असेल तर इस्पितळात मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे जायचं. ह्या डॉक्टर मंदाकिनी. ठेंगण्या, जाड भिंगाचा चष्मा, आणि बोलणं सरळ. त्यांनी आम्हालाही बोलावलं. वसंतराव न बोलावता आले.

"त्याला बरं करणार म्हणजे काय करणार?" मी विचारलं. "मला तर वाटतं, विहिरीत ढकलावा."

"विहिरीत ढकलला तर दुसऱ्या गावच्या विहिरीतून निघेल आणि तिथल्या मुलीच्या मागे लागेल," बाई म्हणाल्या. "त्याच्या डोक्यात एक मुलगी आहे, ती त्याने स्वतः बनवली आहे. ह्या अनुराधाशी तिचा काही संबंध नाही. हे त्याला उमगायला वेळ लागेल. तोवर त्याला बंदी हवी आणि उपचारही हवेत. तुमच्यापैकी कोणी त्याचा निरोप आणायचा नाही, तिची खबर द्यायची नाही, कीव करायची नाही आणि चेष्टाही करायची नाही." मग त्या अनुराधाकडे वळल्या. "आणि तुमचं काय? आता कसं वाटतं रस्त्यावर?"

अनुराधाने एकदा ह्यांच्याकडे पाहिलं, एकदा वसंतरावांच्या गळ्यातल्या शिट्टीकडे.

"डॉक्टर, तो एक गेला," ती म्हणाली. "बाकीचे कधी जाणार?"

वसंतरावांनी शिट्टी स्वेटरच्या आत सरकवली.

"दादा, रागावू नकोस," ती म्हणाली, आणि रडायलाच लागली. "तुम्ही सगळे माझ्यासाठी करता, मला कळतं. पण आधी मागे एक जण होता. आता अख्खं मंडळ आहे. मी कुठे थांबले, काय घेतलं, किती वेळ बोलले, सगळं घरी पोचायच्या आधी तुम्हाला माहीत असतं. जाम घेतला तर कुसुमताई म्हणतात, थंडीत कशाला. मागे वळून बघायचं नाही म्हणता. तेवढंच तर माझ्या हातात होतं!"

ह्यांचा चेहरा मला बघवेना. एवढा मोठा फोरमन, टोपी हातात घेऊन चुरगाळत होता.

"औषध तेच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तिच्या रस्त्यावर जायचं नाही. कुठे होतीस विचारायचं नाही. सांगेल ते ऐकायचं. सुरुवातीला तुम्हाला जड जाईल."

जड? वसंतरावांना तापच आला. दुसऱ्या दिवशी ते दूध बूथच्या मागे सापडले, म्हणे दूध आणायला आलो, आणि हातात पातेलं नाही. तिकडे पुराणिकची कथाही ऐकून घ्या, कारण बाईंनीच पुढे कधीतरी सांगितली. तो एकदा टाउनशिपच्या फाटकापर्यंत आला, सायकल वळवली, थेट इस्पितळात गेला आणि म्हणाला, मी आज तिथवर गेलो होतो. बाईंनी त्याला पाणी दिलं, आणि ठाण्यातही कळवलं. दोन्ही केलं.

मग तो दिवस आला. संक्रांत तोंडावर, ट्रंक भरलेली. अनुराधा शाळेला निघताना म्हणाली, "आज मी एकटी जाते आणि एकटी येते. काय होतं ते बघते आणि मग ठरवते."

संध्याकाळी मी आधण ठेवलं. शाळा सुटायची वेळ झाली. पाणी उकळलं, आटलं, मी पुन्हा ठेवलं. ती आली नाही. हे खोलीभर फेऱ्या घालत होते. "अजून आली नाही. मंगला, मी फक्त टाकीपर्यंत जातो. स्कूटरने. हेल्मेट घालून, ती ओळखणार नाही."

"त्या पुराणिकचंही असंच होतं! बसा खाली!" मी किल्ली काढून तांदळाच्या डब्यात खुपसली. पण खरं सांगते, मलाही बसवेना. मी फाटकापाशी गेले. एक पाय बाहेर टाकला. ओढून आत घेतला. पुन्हा टाकला. शर्माजी कुंपणावरून बघत होते, म्हणाले, "भाभीजी, कसरत?" मी म्हटलं, "तुम गजक खाओ." आणि आत येऊन पाटावर बसले, कान टाकीकडे लावून.

अंधारून यायला लागलं तेव्हा ऐकू आलं. लांबलचक. बेसूर. माझ्या हातातून चिमटा पडला. ह्यांनी पटकन वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं, तेही उलटं.

अनुराधा आत आली. ओठाला तिखटमीठ, ओढणीत जाम. कडी न लावताच आली. आम्ही दोघं काही विचारेना. माझी जीभ दातांखाली अशी धरली होती मी, की काय सांगू. ह्यांनी विचारलं, "बाहेर थंडी आहे का?"

ती आमच्याकडे बघून हसली. "विचारा ना, उशीर का झाला."

"का झाला?" आम्ही दोघं एकदम ओरडलो.

"टाकीपाशी आले आणि मागे वळून पाहिलं. कोणी नव्हतं. अख्खा रस्ता रिकामा. म्हणून परत शाळेपर्यंत गेले आणि तोच रस्ता पुन्हा चालून आले."

ह्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. जाम कापायला मी सुरी शोधत होते, डोळ्यांपुढे काही दिसत नव्हतं.

"आणि दादा," ती चपला काढता काढता म्हणाली, "ती ट्रंक वर टाक. पायात येते."